हिरड्याची अळी आणि कमकुवत विधान

मंगळवार, १८ मार्च

सगळ्यात आधी आली ती लंकाबाई, आणि तीही एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठं सुटली ते तिलाच ठाऊक नव्हतं. "आक्का, जीप आली! फारेस्टची जीप आली!" म्हणत माझ्या ओट्यावर बसली आणि पाणी मागायला लागली. आता जीप आली तिच्या दारात आणि ही पळत आली माझ्याकडं. आमची जाऊ अशीच. तशी चुलत, पण भिंतीला भिंत लागून घर. त्यामुळं सख्खीपेक्षा भांडण जास्त आणि सख्खीपेक्षा मायाही जास्त.

जीपमधून दोघं उतरले. एक मोहिनी मॅडम, खाकी कपड्यातल्या, बोलायला गोड. दुसरा आदेश नावाचा मुलगा, तो पुण्याच्या कॉलेजात किड्यांवर शिकतो. किड्यांवर! मी म्हटलं, "बाबा, आमच्या घरात ये, तुझं वर्षाचं शिक्षण एका कणगीत व्हईल." लई हसला.

आले होते आमच्या हिरड्यासाठी. यंदा झाडांची पानं अळीनं खाऊन चाळण केलीत. झाडाखाली उभं राहिलं की वरून मोहरीसारखी लीद टपटप पडते डोक्यावर. लंकाबाईची ओढ्याकडची झाडं तर पार बोडकी झालीत. बाळहिरडा, म्हणजे कोवळा, सुपारीएवढाही नसलेला, तो आता गोळा करायचा आणि वाळवायचा. त्यावर आमच्या वाडीचा उन्हाळा निघतो. पानंच नाहीत तर फळ काय धरणार?

मॅडमनी पांढरं कापड मागितलं. झाडाखाली अंथरायचं आणि त्यावर पडलेली लीद बघायची, म्हणजे वर अळ्या किती ते कळतं. मी आमच्या मालकांचं ठेवणीतलं धोतर काढून दिलं. मालक असते तर म्हणाले असते, सरू, माझ्या धोतरावर सरकार काय काय करतंय बघ.

संध्याकाळी नळकोंडाळ्यावर हाच विषय. एक म्हणे ऊन जास्त झालं. एक म्हणे देवीला यंदा कोंबडं दिलं नाही. मी हंडा लावला आणि म्हटलं, "अगं, लंकाच्या घरात नव्या सुनेचं पाऊल पडलं आन् हिरड्यावर अळी पडली. पायगुण म्हणा की!"

अशा हसल्या बाया, की एकीचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिला कळलं नाही. मी बोलायला लागले की असंच होतं. माझ्याशिवाय नळाला मजा नाही असं सगळ्याच म्हणतात.

माझं नाव सरूबाई, तिसरी शिकलेली. तेजूनं ही वही दिली आणि म्हणाली, आजी, रोज लिही, अक्षर सुटेल. आज बरंच सुटलं.

गुरुवार, २० मार्च

तेजस्विनी म्हणजे माझी नात, माझ्या लेकाची, बाळासाहेबाची मुलगी. जुन्नरच्या कॉलेजात शिकली आणि आता वनखात्याच्या परीक्षेला बसणार आहे. दिवसभर पुस्तक. मी भाकरी थापत होते, ती चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचत होती. एक प्रश्न जंगलातल्या अळीचाच निघाला! मी म्हटलं, परत वाच.

प्रश्न असा. एका जंगलात सागाच्या झाडांवर पाने खाणाऱ्या अळ्या पडल्या. वनविभागाने औषध फवारले. पुढच्या वर्षी अळ्या कमी झाल्या. म्हणजे औषधामुळेच अळ्या कमी झाल्या. आता खालीलपैकी कोणते विधान हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करते?

चार पर्याय होते. एक, औषधाचा वास बरेच दिवस राहतो. दोन, शेजारच्या जंगलात फवारणी केली नव्हती, तरी तिथल्या अळ्याही तेवढ्याच कमी झाल्या. तीन, अळ्या कोवळी पाने जास्त खातात. चार, हेच औषध कापसावरही मारतात.

मी पटकन सांगितलं, पहिला.

"का गं आजी?"

"अगं, सगळ्यात कमकुवत विधान तेच न्हवं का? वास राहतो म्हणे! त्यात काय जीवच न्हाई. अशक्त विधान हाय ते."

तेजू हसून हसून चुलीपासून लांब लोळली. मग डोळे पुसत म्हणाली, "विधान अशक्त नको, आजी. समोरच्याचं बोलणं अशक्त करणारं विधान पाहिजे. तो म्हणतो औषधानं झालं. आपण त्याचं बोलणं पाडायचं."

"म्हंजे भांडणातल्यासारखं?"

"अगदी तसंच."

मग मला बरोबर उमगलं. शेजारचं जंगल! तिथं औषध मारलं नाही आणि तरी अळी गेली, तर औषधाचं काय घेऊन बसलास? तिला म्हटलं, पोरी, हे तर आपल्याकडं जुनंच आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आणि तो वरच्या वाडीतला भगत, ताप उतरायच्या दिवशीच बरोबर अंगारा द्यायचा, आणि ताप उतरला की कोंबडी घेऊन जायचा. ज्यांनी अंगारा घेतला नाही त्यांचाही ताप उतरायचाच की.

तेजूनं माझा पिठाचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, तू माझ्यासंगं परीक्षेला बस." मला एवढा आनंद झाला, की एक भाकरी करपली आणि ती मीच खाल्ली.

आता रोज एक प्रश्न सोडवायचा ठरलं आहे.

रविवार, २३ मार्च

हर्षाली आली होती दुपारी. लंकाबाईची नवी सून. माघात लग्न झालं. माहेर पेठेचं, बाप धर्माजी तिथं हायवेच्या हॉटेलात आचारी. मूळचे ते आंबेगावच्या डोंगरातले, पण रस्त्याला राहून राहून रस्त्याचे झालेले. पोरीला हिरडा आणि बेहडा यातला फरक कळत नाही, पण मिसळ अशी करते की मी दोनदा वाढून घेतली. लग्नानंतर नवं जोडपं घेऊन आम्ही लेण्याद्रीला गेलो, तेव्हा पायऱ्यांवर हीच माझी काठी झाली होती. नवरा पुढं गेला तरी ही माझ्यासंगंच थांबत थांबत चढली.

आज आली ती उंबऱ्याच्या आत येईना. म्हटलं, ये की, तुला काय आमंत्रण पाहिजे?

ती म्हणाली, "मोठ्या आत्या, एक इचारू? पायगुण म्हंजे तुमच्याकडं काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, "का गं?"

"न्हाई, सकाळी नळावर गेले, तर बाया माझ्या पायाकडं बघून हसल्या. मला वाटलं चप्पल उलटी घातली. मग एक म्हणाली, हळू ठेव बाई पाऊल, आमचा हिरडा ऱ्हायलाय अजून."

माझ्या हातात सूप होतं. मी पाखडत राहिले. म्हटलं, "काय न्हाय गं, रिकाम्या बायांचं बोलणं. मनावर घेऊ नको."

"कोण बोललं आसंल पहिलं?"

"कोण जाणे. नळावर कोण काय बोलतं त्याचा पत्ता का लागतो?"

ती बरं म्हणाली. जाताना माझ्या फोनला चार्जर लावून गेली, तो मला कधी नीट लागत नाही.

खरं सांगायचं तर मला दुसरंच खातंय. तेजू काल सांगत होती, आदेश म्हणाला की झाडावरच्या मुंग्या अळ्या खातात. आणि माघात मी काय केलं? बांधावरच्या हिरड्याच्या फांदीला मुंग्यांचं मडक्याएवढं घर होतं, ते बाळासाहेबाकडून पाडून घेतलं आणि वर पेंढा टाकून पेटवून दिलं. झाड लंकाबाईचं. ती लग्नाच्या खरेदीला गेली होती, तिला विचारलंही नाही. मुंग्या आमच्या बाजूला उतरायच्या आणि हिरडा वेचताना कडकडून चावायच्या. मला वाटलं, तिचंही काम होईल आणि माझंही.

म्हणजे अळी माझ्यामुळं पडली म्हणायची. केवढं पाप. जेवण गेलं नाही आज.

बुधवार, २६ मार्च

तेजूचा प्रश्न झाला नाही. मीच म्हटलं डोकं दुखतंय. लंकाबाई आज ओट्यावर आली नाही. भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचा आवाज येतो, बोलण्याचा येत नाही.

पाडवा, रविवार

गुढी उभी केली. कडुलिंब खाल्ला, तो आज कमी कडू लागला.

हर्षाली माहेरी गेली. सासरचा पहिला पाडवा आणि पोर माहेरी. काल सार्थकनं, म्हणजे लंकाबाईच्या मुलानं, तिला एसटीत बसवलं आणि तो तसाच आळेफाट्याला गॅरेजवर निघून गेला. मी लंकाबाईला विचारलं, "सणाला कशी गं धाडली?"

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. म्हणाली, "हिरडा होईपर्यंत ऱ्हाऊ दे तिकडं. झाडं सुधारली की बघू."

"आन् न्हाई सुधारली तर?"

"तर बघू."

मी घरी आले. साखरेची गाठी पोरांना वाटायची होती, ती वाटली. शेजारच्या गुढीकडं बघवेना. लंकाबाईनं गुढीला नेसवलेलं लुगडं सुनेच्या लग्नातलं होतं.

मुंग्यांचं कुणाला तरी सांगायला पाहिजे. सांगितलं की मन हलकं होईल.

मंगळवार, १ एप्रिल

तेजू आज स्वतःच प्रश्न करून आली. पुस्तकातला नव्हे, घरचा. तिला राग आला होता. तिनं वहीतलं पान माझ्यापुढं धरलं आणि मोठ्यानं वाचलं.

"एका घरात नवी सून आली. त्यानंतर त्या घरच्या हिरड्यावर अळी पडली. म्हणजे सुनेच्या पायगुणाने अळी पडली. आजी, हे बोलणं कमकुवत कर."

मी म्हटलं, "माझं आज डोकं..."

"आजी, त्या पोरीला घरातून काढलीय यावरून. कुठल्या बयेनं हे नळावर काढलं कोण जाणे, पण सगळ्या वाडीला तेच खरं वाटतंय. तू नळावर बोललीस तर ऐकतील. तुझं सगळं ऐकतात. म्हणून आधी तू नीट सोडव."

कुठल्या बयेनं. माझी नात मला बया म्हणाली आणि तिला ठाऊकही नाही.

मी काय करणार, सोडवायला बसले. तेजूनं शिकवलंय तसं शेजारचं जंगल शोधायचं. जिथं सून आली नाही, तिथं अळी आहे का? आमच्या घरात कुठं सून आली? उज्ज्वला, म्हणजे तेजूची आई, येऊन किती वर्षं झाली, तिची मुलगी आता परीक्षेला बसते. तर आमच्या झाडाला अळी आहे का? आणि मला काही सांगता येईना. मी लंकाबाईच्या झाडांकडं बघून एवढं बोलत होते, आणि माझ्या स्वतःच्या झाडाखाली जाऊन वर मान करून बघितलंच नव्हतं.

तेजू म्हणाली, चल. गेलो. आमच्या चारही बाजूंच्या झाडांना अळी. लंकाबाईएवढी नाही, पण आहे. शेंड्याची पानं खाल्लेली. बोलायचं ते कळलं मला.

तेजू खूश. "झालं! पर्याय दोन! उद्या नळावर सांगशील ना?"

मी म्हटलं, बघू. अगदी लंकाबाईसारखं म्हटलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

मोहिनी मॅडम आणि आदेश परत आले. धोतर गोळा करून नवीन ठिकाणी अंथरलं. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले आणि ठरवूनच गेले होते. म्हटलं, "मॅडम, एक सांगायचंय. ह्या अळीला कारण मी हाय."

मॅडमनी कप खाली ठेवला. मी मुंग्यांचं सगळं सांगून टाकलं. पेंढा, पेटवणं, न विचारणं, सगळं. सांगताना डोळ्याला पाणी आलं. वाटलं, आता रागावतील, लंकाबाईला सांगतील, ती दोन शब्द बोलेल, मी ऐकून घेईन आणि सगळं मिटेल. पोरगी परत येईल.

आदेश म्हणाला, "आजी, चला माझ्यासंगं, दाखवतो."

त्यानं मला ओढ्याच्या पलीकडं नेलं. तिथल्या एका हिरड्यावर मुंग्यांची दोन घरं शाबूत, कुणी हात न लावलेली. आणि त्या झाडाचीही पानं खाल्लेली. मग वर कड्याकडं बोट केलं. तिथं माणूस जात नाही, तिथल्या झाडांचे शेंडे इथूनच पिवळे दिसत होते.

"मुंग्या थोड्या अळ्या खातात, हे खरं," तो म्हणाला. "ते घर पाडायला नको होतं. पण ही अळी यंदा सगळ्याच डोंगराला आहे, आजी. पलीकडं आंबेगावच्या बाजूलाही. तुमच्या एका पेंढ्यानं एवढं होत नाही."

"मग कशानं झालं?"

"ते अजून सांगता येत नाही."

"शिकलास ना रं तू एवढा?"

"म्हणूनच सांगता येत नाही," म्हणाला आणि हसला.

मॅडमनी गेणभाऊंना बोलावून सांगितलं, फवारणी करायची नाही. गेणभाऊ आमच्या वन समितीत आहेत. ते चिडले, "म्हंजे नुसतं बघत बसायचं का?" मॅडम म्हणाल्या, झाडं जिवंत आहेत, बहुतेक परत फुटतील. फवारलं तर मुंग्या, मधमाश्या सगळंच मरेल. आणि मग झाडं फुटली की आपण म्हणणार औषधानं फुटली.

मला हसू यायला पाहिजे होतं. आमचाच प्रश्न तो. पण मी कशी घरी आले ते आठवत नाही. सुटले असं वाटायला हवं होतं ना? मुंग्यांचं पाप गेलं. आणि ते गेल्यावर त्याच्या मागं काय उभं होतं ते दिसलं. इतके दिवस मी मुंग्यांना पुढं करून बसले होते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरी बोलले. अळी कशानं पडली ते सांगता येत नाही. हर्षाली का गेली ते मात्र सांगता येतं. तिथं शेजारचं जंगल शोधायची गरज नाही.

शनिवार, ५ एप्रिल

तेजूला सांगितलं. म्हटलं, ती बया मीच.

तिनं पुस्तक मिटलं, परत उघडलं. मग म्हणाली, "आजी, ती तुला विचारायला आली होती ना? इथंच, उंबऱ्यात?"

मी हो म्हटलं.

आज प्रश्न झाला नाही. उज्ज्वलानं भाकरी केल्या.

सोमवार, ७ एप्रिल

लंकाबाई अंगणात शेण टाकत होती. मी उभी राहिले. ती सारवतच राहिली, माझ्या पायापर्यंत आली आणि मला वळसा घालून पुढं गेली.

मी म्हटलं, "लंका, ते पायगुणाचं मी बोलले व्हते. पहिलं मीच."

"मला ठाव हाय."

"ठाव हाय?"

"नळावरचं बोलणं हंड्याच्या आधी घरी येतं, आक्का." ती उठून उभी राहिली, हात शेणानं भरलेले. "दुसरी कोण बोलली असती ना, तर तिच्या झिंज्या धरून फरफटत आणली असती. तुमी बोलला. तुमी थोरल्या. या घरात मला आणलं तवा उंबऱ्यावरचं माप तुमीच ठेवलं व्हतं माझ्यापुढं. मला वाटलं, आक्का बोलली म्हंजे तिला काय तरी दिसलं आसंल."

"मस्करीत बोलले गं."

"मग त्याच दिशी सांगायचं ना, मस्करी हाय म्हणून! भिंतीला भिंत हाय. हाक मारली आसती तरी ऐकू आलं आसतं."

ती म्हणाली, सार्थक गॅरेजातच झोपतो, फोन उचलत नाही. परवा एकदा उचलला आणि म्हणाला, आये, तुला हिरडा पाहिजे का सून ते ठरव. मग लंकाबाई रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं ठेवू दिला नाही.

मी आमच्या झाडांचं, कड्यावरच्या झाडांचं सांगितलं. ती म्हणाली, "मला आता झाडांचं काय सांगू नका."

तरी मी तिला म्हटलं, धर्माजींना फोन लाव आणि त्यांना बोलावून घे. मी बोलते त्यांच्याशी.

शुक्रवार, ११ एप्रिल

हे सगळं नीट लिहायचं आहे म्हणून सकाळपासून मनात धरून ठेवलंय.

काल दुपारच्या गाडीनं धर्माजी आले आणि संगं त्यांची बहीण प्रयागबाई. पावणं नेहमी पेठेहून फरसाणाची पिशवी आणायचे. काल हात रिकामे होते. लंकाबाईनं पाणी दिलं, ते धर्माजींनी तोंडाला लावून ठेवून दिलं. उंच माणूस, बोटांना कांद्यालसणाचा वास, डोळे खाली.

मी आत गेले आणि बसायच्या आधीच सांगितलं, की तुमच्या लेकीला नाव ठेवणारी मी. चुकले. पोरगी गुणाची आहे, तिचा काही दोष नाही.

धर्माजींनी ऐकून घेतलं. माझ्या वयाकडं बघून रागावले नसतील. पण प्रयागबाई थांबणारी नव्हती. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमी हे बोलला कुठं व्हता?"

"नळावर."

"आन् परत घेताय कुठं?"

मी पदर सारखा केला.

"चार भिंतीत परत घेतलं ते आमी ऐकलं. जे बोलला ते सगळ्या वाडीनं ऐकलं. आमच्या पोरीला हिथं पाणी भरायचंय ना? ती नळावर जायची, का तुमच्या या खोलीत ऱ्हायची?"

धर्माजी म्हणाले, "जाऊ दे गं." ती म्हणाली, "का जाऊ दे? हाटेलात तुजी भाजी खारट झाली तर तू आत मोरीपाशी जाऊन माफी मागतोस का? गिऱ्हाइकापाशीच जातोस ना?"

एवढ्या ताणातही लंकाबाईला हसू फुटलं, आणि तिनं ते पदराआड घेतलं.

पावणं रात्री मुक्कामी राहिले. आज सकाळी पाणी सुटायच्या वेळेला मी हंडा घेऊन निघाले, तर प्रयागबाई लंकाबाईची कळशी काखेत घेऊन माझ्या मागं. "मला बी पाणी भरायचंय," म्हणाली. पाणी भरायला पावणी कशाला लागते? ती ऐकायला आली होती.

मी नळावर पोचले. एवढी वर्षं मी तिथं बोलतेय, कधी शब्द शोधावा लागला नाही. बाया म्हणाल्या, "आक्का आल्या, आता मजा!" मी हंडा खाली ठेवला, नळाखाली लावला नाही.

म्हटलं, "ऐका गं. हर्षालीच्या पायगुणाचं मी बोलले व्हते. मस्करीत बोलले. ते खोटं हाय. माझ्या झाडाला बी अळी हाय. कड्यावरच्या हिरड्याला बी अळी हाय. तिथं कुणाची सून नांदती?"

कुणी हसलं नाही. मग एक म्हणाली, "आक्का, नातीनं शिकवलं वाटतं!" त्यावर दोघी हसल्या. हसू दे.

दुसरी मात्र सरळ म्हणाली, "बरं, मग अळी कशानं पडली सांगा."

मी म्हटलं, "मला ठाऊक न्हाई."

"ठाऊक न्हाई म्हणताय, मग पायगुण नसंलच कशावरून?"

आता बघा. याला उत्तर तेजूच्या पुस्तकात कुठं असेल तर मला सापडलं नाही. मी म्हटलं, "ठाऊक न्हाई म्हणून कुणाच्या पोरीच्या डोक्यावर घालायचं का? घालायचं तर माझ्या डोक्यावर घाला. त्या झाडावरचं मुंग्यांचं घर मी जाळलंय. पाऊल तर माझं बी पडलंच की तिथं."

ती गप्प बसली. पटलं म्हणून बसली, का मी थोरली म्हणून बसली, सांगता येत नाही. दोघीतिघी मान खाली घालून हंडे भरत राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "पोरगी चांगली व्हती, मला हंडा उचलून द्यायची." व्हती म्हणाली. मी म्हटलं, "हाय." ती म्हणाली, "तेच."

प्रयागबाईनं कळशी भरली आणि माझाही हंडा नळाखाली सरकवला. लंकाबाईच्या दारात आल्यावर एवढंच म्हणाली, "ऐकलं मी. घरी सांगते तिला, जसं बोलला तसं. माझ्या पदरचं काय घालत न्हाई."

मी विचारलं, "ती काय म्हणंल?"

"ते तिचं ती ठरवंल. तिला उंबऱ्यात खोटं सांगितलंत, ते तिला जास्त लागलंय. नळापेक्षा."

म्हणजे पोरीला कळलं होतं. त्याच दिवशी कळलं असेल, तरी माझा फोन चार्जिंगला लावून गेली.

दुपारच्या एसटीला आम्ही सगळे फाट्यावर पोचवायला गेलो. तेजू बॅग घेऊन पुढं. आठवड्यात ती माझ्याशी आज पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आजी, ऊन आहे, पदर घे डोक्यावर." लंकाबाईनं धर्माजींना पिशवीत तांदूळ दिले, तिनं आपल्या हातानं पाखडलेले. ते त्यांनी घेतले. गाडी आली, तेव्हा ते पायरीवर चढून मागं वळले आणि म्हणाले, "आखितीला येतो."

हर्षालीला घेऊन येतो, का तिचं लग्नात आलेलं शिलाई मशीन न्यायला येतो, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि लंकाबाईनं माझा हात धरला होता म्हणून मीही विचारलं नाही. घरी आल्यावर तेजूला कॅलेंडरात अक्षय तृतीया बघायला लावली. आखिती तीस तारखेला, बुधवारी आहे.